पंगत उठल्यावरचा हिशेब

उन्हाळा लागला की धाराशिव जिल्ह्यात दोन गोष्टी बरोबरच घडू लागतात. एकीकडे विहिरी तळ गाठतात आणि दुसरीकडे गावोगावच्या यात्रांना आरंभ होतो. चैत्र पौर्णिमेला कळंब तालुक्यातील येरमाळा येथे येडेश्वरी देवीची यात्रा भरते. पालखी खाली आमराईत येते आणि चुनखडीचे खडे वेचण्यासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून भाविक जमतात. त्याच महिन्याच्या वद्य पक्षात तेर येथे संत गोरोबाकाकांच्या समाधिस्थानी वारकऱ्यांच्या दिंड्या येतात. या मोठ्या यात्रांखेरीज लहान गावांतील ग्रामदैवतांचे उत्सव, हरिनाम सप्ताहांची सांगता, दर्ग्यांवरील कंदुऱ्या हे सारे निराळेच. उत्सवाचे नाव कोणतेही असो, अखेरीस गाव एकत्र जेवावयास बसते.

या जेवणासंबंधी आज आम्हांला थोडे लिहावयाचे आहे. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने या जिल्ह्याला जो तडाखा दिला, त्याची आठवण ताजी आहे. परंडा आणि भूम तालुक्यांत गावांना पाण्याने वेढा घातला, लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले, उभे सोयाबीन कुजले आणि नदीकाठची सुपीक माती वाहून गेली. नेमके त्याच आठवड्यात, २२ सप्टेंबरला, शारदीय नवरात्र सुरू झाले होते. एका बाजूला तुळजापूरच्या वाटेवर अन्नदानाची तयारी आणि दुसऱ्या बाजूला चूलच वाहून गेलेली घरे, असे चित्र एकाच जिल्ह्याने एकाच वेळी पाहिले. त्यानंतर बाहेरगावांहून अन्नाचा ओघ सुरू झाला. भाकरी आली, चटणी आली, शिध्याची पाकिटे आली. जेवण देण्यात महाराष्ट्र कमी पडला नाही. परंतु जेवणानंतरच्या दिवसांचे काय, हा प्रश्न त्या वेळी पुढे आला आणि तो आजही उभा आहे.

भाकरीचे अर्थशास्त्र

गावच्या पंगतीचा खर्च कसा भागतो, हे नीट पाहिले म्हणजे तिच्यात केवढी शक्ती दडलेली आहे ते कळते. प्रत्येक घराकडून वर्गणी घेतली जाते. ज्याच्याकडे रोख नाही तो ज्वारी, तुरीची डाळ किंवा गूळ देतो. आमटी मोठ्या कढईत एका जागी शिजते, पण भाकऱ्या घराघरांतून येतात. शेकडो चुलींवर एकाच सकाळी भाकरी भाजली जाते आणि टोपल्या भरभरून मांडवात आणल्या जातात. वाढपी म्हणजे गावातलीच तरुण मुले. मांडव, सतरंज्या आणि भांडी गावकीची असतात किंवा मागून आणलेली असतात.

उपाहारगृहाच्या मालकाला शेकडो माणसांचे जेवण करावयाचे झाल्यास मजुरी, भाडे आणि इंधन यांतच पुष्कळ पैसा जातो. गावच्या पंगतीत मात्र मजुरीचा खर्च जवळजवळ शून्य असतो. म्हणून दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील एखादे छोटेसे गावसुद्धा सहज हजार माणसे जेवू घालते. येथील खरी देणगी श्रमांची असते आणि तिची नोंद कोणत्याही पावतीपुस्तकात होत नाही. अश्विन पौर्णिमेला सोलापूरहून पायी तुळजापूरला निघालेल्या भाविकांना चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या वाटेवर ठिकठिकाणी जो चहा, फराळ आणि जेवण मिळते, त्यामागेही हेच न मोजलेले श्रम असतात.

तगरपासून इटलीपर्यंत

अशी पंगत केवळ आपल्याकडेच बसते असे नाही. वर उल्लेख केलेले तेर हे गाव म्हणजे प्राचीन काळचे तगर. दोन हजार वर्षांपूर्वी तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरात जाई आणि तेथून पश्चिमेकडील बाजारपेठांत पोहोचे. इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती तेरच्या लामतुरे संग्रहालयात आहे. ज्या देशाशी या मातीचा इतका जुना संबंध, त्याच देशातील एका ग्रामीण प्रथेकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

इटलीतील खेड्यांत उन्हाळ्यात, विशेषतः ऑगस्ट महिन्यात, ‘साग्रा’ नावाचे उत्सव भरतात. हा शब्द ‘पवित्र’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असून मुळात तो मंदिराच्या समर्पणाच्या वार्षिक सणासाठी वापरला जाई. पुढे त्याला गावजेवणाचे रूप आले. प्रत्येक गावाचा एखादा पदार्थ ठरलेला असतो. कोठे चेस्टनट, कोठे मासे, कोठे विशिष्ट प्रकारची शेवई. चौकात किंवा मैदानात लांबच लांब टेबले मांडली जातात. आजीबाई स्वयंपाक करतात, तरुण मुले वाढतात, कोणालाही पगार मिळत नाही. आपल्या पंगतीपेक्षा फरक इतकाच की जेवणारा माफक किंमत मोजतो. उरलेली रक्कम गावाच्या उपयोगी पडते. तीतून कधी रुग्णवाहिका घेतली जाते, कधी चर्चचे छप्पर दुरुस्त होते, तर कधी आजाऱ्यांना मदत होते.

दोन भूकंप, दोन पहाटा

या संदर्भात अमात्रीचे या डोंगराळ गावाची कथा आपल्या जिल्ह्याला विशेष जवळची वाटेल. टोमॅटो, डुकराच्या गालाचे खारवलेले मांस आणि मेंढीच्या दुधाचे चीज यांपासून होणारा तेथील शेवयांचा पदार्थ जगप्रसिद्ध आहे. ऑगस्ट २०१६ च्या अखेरीस या पदार्थाची पन्नासावी साग्रा भरावयाची होती. परंतु त्याच आठवड्यात, २४ ऑगस्टच्या पहाटे ३ वाजून ३६ मिनिटांनी भूकंप झाला. त्या परिसरात सुमारे तीनशे माणसे दगावली आणि जुने गाव ढिगाऱ्यात गेले.

धाराशिव आणि लातूरच्या वाचकांना यात आपलीच पहाट दिसेल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. आदल्याच रात्री गणेशविसर्जनाच्या मिरवणुका आटोपून लोक थकून झोपले होते. सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावल्याचे सरकारी आकडे सांगतात. इतर अंदाज त्याहून मोठे आहेत. दोन्ही जिल्ह्यांतील ५२ गावे जमीनदोस्त झाली.

अमात्रीचेमध्ये ती साग्रा भरू शकली नाही. मग इटलीत एक साधी कल्पना पुढे आली. जेथे जेथे हा पदार्थ विकला जाईल, तेथे ग्राहकाने एक युरो आणि उपाहारगृहाने एक युरो भूकंपग्रस्तांसाठी द्यावा. स्लो फूड चळवळीचे संस्थापक कार्लो पेत्रिनी यांनी हा पदार्थ किमान वर्षभर यादीत ठेवण्याचे आवाहन जगभरातील उपाहारगृहांना केले. आम्हांला येथे महत्त्वाचा वाटतो तो ‘वर्षभर’ हा शब्द. संकटानंतरच्या पहिल्या आठवड्यात माणसाचे हृदय आपोआप उघडते. सहाव्या महिन्यात मदत मागणे जड जाते. एका दिवसाच्या जेवणाचे वर्षभराच्या सवयीत रूपांतर करणे, हे त्या आवाहनाचे खरे मर्म होते. तरीही अमात्रीचेची पुनर्बांधणी वर्षानुवर्षे रेंगाळली, हेही सांगितले पाहिजे. दोन युरोंनी गाव उभे राहत नाही. गावाची आठवण मात्र जागी राहते आणि राज्यकर्त्यांना ती विसरता येत नाही.

फुकट जेवण की विकतचे?

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो योग्यही आहे. अन्न विकणे आपल्या परंपरेला मानवत नाही. भुकेल्याला घास देताना किंमत विचारायची नाही, हा संस्कार फार मोलाचा आहे. साग्रामध्ये ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो टेबलाशी येण्यास संकोचतो. आपल्या पंगतीत अनोळखी वाटसरूही पान मांडून बसू शकतो. या बाबतीत इटलीने आपल्याकडून शिकावे.

शिवाय साग्राही सर्वत्र निर्मळ राहिलेली नाही. गावाशी किंवा पदार्थाशी काडीचाही संबंध नसताना साग्राच्या नावाखाली नुसता धंदा केला जातो, अशी तेथील उपाहारगृहांच्या चालकांची तक्रार आहे. त्यामुळे काही प्रांतांना नियम करावे लागले आणि ग्रामसंस्थांच्या राष्ट्रीय संघटनेने खऱ्या साग्रांना ‘दर्जेदार साग्रा’ असे प्रमाणचिन्ह देण्यास सुरुवात केली.

आपल्या पंगतीचे दोष निराळ्या जातीचे आहेत. पहिला दोष चढाओढीचा. शेजारच्या गावाने पाच क्विंटलची बुंदी केली म्हणून आपण दहा क्विंटलची करावयाची, आणि फलकावर अन्नदात्यापेक्षा पुढाऱ्याचे छायाचित्र मोठे लावावयाचे. दुसरा दोष निष्काळजीपणाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात कोष्टवाडी येथे धार्मिक कार्यक्रमातील प्रसादानंतर सुमारे दोन हजार लोकांना विषबाधा झाली. भक्तीने शिजवलेले अन्नही स्वच्छ पाणी आणि योग्य साठवण यांवाचून घातक ठरते. तिसरा दोष सर्वांत जुना आहे, तो पंगतीतील भेदाचा. आजही काही ठिकाणी कोण कोठे बसतो, कोण वाढतो आणि कोणाला उरलेले मिळते, यावरून गावाचा नकाशा काढता येतो.

हे दोष दाखविणारे आपल्याच भूमीत होऊन गेले आहेत. संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) जत्रांत जात ते हातात खराटा घेऊन. ते आधी गाव झाडीत आणि मगच भाकरी स्वीकारीत. देवापुढील पशुहत्येला त्यांनी विरोध केला, आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घातले, आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा उभारल्या. जत्रेतील उत्साह संपल्यावरही टिकणारी वास्तू मागे राहावी, ही त्यांची दृष्टी होती. साग्रा आणि भंडारा यांतून निवड करण्याची गरजच नाही. जेवण सर्वांना मोफत असावे, आणि ज्याला देता येईल त्याने उठताना गावाच्या ठरलेल्या गरजेसाठी काही द्यावे. एवढा मध्यममार्ग सहज निघतो.

पहिल्या मंडळीची तक्रार

अन्नदानाच्या हिशेबाचा प्रश्न ख्रिस्तसभेलाही अगदी आरंभीच पडला होता. यरुशलेममध्ये रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर उठल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना कृतघ्न ठरविले नाही. त्यांनी सात जणांची निवड करवून घेतली आणि वाटपाचे काम त्यांच्या हाती दिले. संत स्टीफन त्यांपैकीच एक. या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, हे अभ्यासकांनी फार पूर्वीच दाखवून दिले आहे. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्याच बाजूच्या माणसांकडे कारभार सोपविला गेला, असे मानण्यास जागा आहे. करिंथच्या मंडळीत मात्र उलट घडले. तेथे एकत्र जेवणाच्या वेळी काही तृप्त होत आणि काही उपाशी राहत. संत पौलाने त्यांची कडक शब्दांत कानउघाडणी केली.

या धड्याचे प्रत्यंतर आपल्याच भागात पाहावयास मिळाले आहे. १९९३ च्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात घरदुरुस्तीच्या टप्प्यात गावोगावच्या महिला मंडळांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेचे काम त्यातूनच विस्तारले. कोणत्या घराला किती रक्कम मंजूर झाली, काम कोठवर आले, अडचण कोणाकडे मांडावी, हे त्या स्त्रिया गावाला समजावून सांगू लागल्या.

आता यात्रा समित्यांकडे पाहावे. भाकऱ्या गावातील स्त्रिया भाजतात. वर्गणी ठरविणारे आणि खर्च करणारे मात्र बहुधा पुरुषच असतात. जिच्या हातची भाकरी पंगतीला चालते, तिच्या हातचा हिशेब समितीला का चालू नये? दलित वस्ती, एकट्या राहणाऱ्या विधवा, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची कुटुंबे, यांच्यापैकी कोणीतरी त्या समितीत असेल तर कोणाच्या घरी भाकरी पोहोचली नाही हे पंगत उठण्यापूर्वीच कळेल.

कायद्याचीही येथे आठवण करून दिली पाहिजे. नोंदणी नसलेल्या मंडळाला धार्मिक किंवा धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करावयाची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाकडे जावे लागते. पुष्कळांना ही कटकट वाटते. वस्तुतः प्रामाणिक कार्यकर्त्याचे ते कवच आहे. हिशेब लिहिलेला असला की संशयाला वाव राहत नाही, आणि पुढील वर्षी वर्गणी मागताना मान खाली घालावी लागत नाही.

या उन्हाळ्यात काय करता येईल

शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमी योजनेतून तीन लाख रुपयांपर्यंतची तरतूद सांगण्यात आली. एवढ्या मोठ्या रकमेपुढे गावच्या पंगतीतून उरणारे काही हजार रुपये नगण्य वाटतील. परंतु शासकीय साहाय्य पंचनामा, सातबारा आणि बँकखाते यांच्या वाटेने येते. ज्याच्या नावावर जमीनच नाही असा सालगडी, बटाईने शेती करणारा कुळवाडी, शेळ्या वाहून गेलेली एकटी म्हातारी, ही माणसे त्या वाटेवर मागे पडण्याची भीती असते. अशांना गाव नावानिशी ओळखते. उस्मानाबादी जातीची शेळी साऱ्या देशात नावाजलेली आहे. अशी एक शेळी दारात आली तर एका घराला आधार मिळतो, आणि ती रक्कम एका पंगतीच्या आवाक्यातील आहे.

म्हणून आम्ही काही साध्या गोष्टी सुचवितो. यात्रेची वर्गणी मागण्यापूर्वीच या वर्षी गाव कोणत्या गरजेला हात घालणार ते ठरवावे. अमुक घरांना शेळ्या, अमुक मुलांची वह्या-पुस्तके, किंवा बुजलेल्या विहिरीतील गाळ काढणे. ‘समाजकार्यासाठी’ असे मोघम लिहू नये. ज्यांना मदत द्यावयाची त्यांची नावे फलकावर लावू नयेत; घेणाऱ्याचीही एक लाज असते आणि ती जपली पाहिजे. गोड पदार्थ एकाने कमी करावा आणि ती रक्कम बाजूला ठेवावी. आणि पहिल्या महिन्यात सारे वाटून न टाकता वर्षभर पुरेल अशा रीतीने ते द्यावे.

हे गावांना जमणार नाही, असे म्हणता येत नाही. २०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत महाराष्ट्रातील गावांनी ऐन उन्हाळ्यात पंचेचाळीस दिवस श्रमदान केले आणि या जिल्ह्यातील गावेही त्यात उतरली. पहाटे कुदळ-फावडे घेऊन निघालेल्यांनी रोज किती घनमीटर काम झाले याचे मोजमाप ठेवले. चरांचे मोजमाप ठेवणाऱ्या गावाला पंगतीचा हिशेब ठेवणे कठीण नाही.

हीच कसोटी आपण आपल्या धर्मग्रामांनाही लावली पाहिजे. आपल्याही सणाला जेवणाचे स्टॉल लागतात, सोडत निघते, भगिनीमंडळे घरून पदार्थ करून आणतात. त्या रकमेचे पुढे काय झाले हे पुढच्या रविवारी मिस्सेनंतर सांगितले जाते का? सणाच्या नियोजनात धर्मग्रामातील सर्वांत गरीब कुटुंबाचा आवाज असतो का? पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करावयास लावले, आणि ते बारा टोपल्या भरले. त्या टोपल्या मोजल्या गेल्या म्हणूनच आजवर त्यांचा आकडा आपल्याला ठाऊक आहे.

येत्या यात्रांच्या दिवसांत गावोगावी कढया चढतील आणि घराघरांतून भाकऱ्यांच्या टोपल्या निघतील. त्या पंगतीत आमच्या वाचकांपैकी अनेकजण पाहुणे म्हणून बसतील, काही वाढावयास उभे राहतील. पंगत उठली, पत्रावळी गोळा झाल्या, की मागून आणलेली भांडी घासून परत करण्याची वेळ येते. तेव्हा गावातील बहुतेक माणसे मांडवातच असतात. त्याच वेळी, भांडी परत जाण्यापूर्वी, जमा किती आणि खर्च किती झाला, आणि उरलेले कोणत्या घरी व कोणत्या महिन्यात जाणार याचा हिशेब सर्वांसमोर वाचून दाखविला जावा. ज्या घरी ते जाणार त्याचे नाव मात्र समितीनेच आपल्याजवळ ठेवावे.